पुलगावला गेलेलं एकोणिसावं प्रकरण

केळझरच्या रंजिता भोयरला कादंबऱ्यांतल्या मेलेल्या आया अजिबात खपत नाहीत. कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेली जादूची कादंबरी उघडावी, तर पहिल्या पाचदहा पानांतच आई गेलेली असते. कधी तापाने, कधी आगीत, कधी नुसतीच नाहीशी. मग ते लेकरू जग वाचवायला मोकळं. "आई जित्ती राह्यली असती त तिनं पोट्टीले घराबाहेर पडू देल्लं असतं का?" असं रंजिता विचारते, आणि समोरच्याच्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगते, "लेखकाले आईची अडचन होते. म्हून मारून टाकते तिले."

हे ती कुठेही सांगते. सेलूच्या आठवडी बाजारात वांगी तोलता तोलता सांगते, केळझरच्या फाट्यावर एसटीची वाट पाहताना शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगते. गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला अर्धा किलो वांगी हवी असतात. त्याला वांग्यांबरोबर हे मतही पिशवीत घालून घरी न्यावं लागतं.

वय चाळिशीला टेकलेलं, शिक्षण बारावी. नवरा हेमराज, गावाला लागून थोडंसं ओलिताचं रान, त्यात वांगी, टमाटे, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिचं वाचन म्हणजे पेपर आणि व्रताच्या पोथ्या एवढंच होतं. मग मुलगी प्रेरणा नववीत असताना शाळेतून बक्षीस म्हणून एक जाडजूड कादंबरी घेऊन आली. प्रेरणाने तिची दहा पानं वाचली आणि कंटाळून उशाशी टाकली. रंजिताने ती बाजारात नेली, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा चाळावी म्हणून. त्या दिवशी सांभाराच्या जुड्या उन्हात सुकून गेल्या, आणि शेजारच्या दुकानवाल्या बाईने हाक मारली तेव्हा बाजार उठत आला होता. तेव्हापासून ती वाचायला जी लागली ती लागलीच. प्रेरणा पुढे वर्ध्याला वसतिगृहात राहायला गेली, फोनवर म्हणते, "आई, तू अजूनबी लेकराइचेच पुस्तकं वाचून राह्यली का?" रंजिता म्हणते, हो.

आणि वाचते म्हणजे मुकाट वाचते असं नाही. तिचं लेखकांशी भांडण चालू असतं. जन्मखुणेची नायिका दिसली की तिचं डोकं फिरतं. "जिच्या दंडावर चांदनीचा डाग, तीच दुनिया वाचवनार. मंग बिनडागाच्याइनं काय करायचं? वावरात निंदन?" एका मुलीच्या मागे दोन मुलगे लागले की ती सरळ पानं उलटते. थरारकथांना ती जरा जास्त मान देते, कारण त्यांत लेखकाला हिशेबाने वागावं लागतं. पण तिथेही ती गोड बोलणाऱ्या मास्तरला तिसऱ्या प्रकरणात ओळखते. खुनी तोच निघतो. अंधाऱ्या गोदामात शिरताना नायकाचा फोन नेमका बंद पडतो, याचं तिला हसू येतं. आमच्याकडची लाईट पाहा कशी राह्यते, तरी माहा फोन चालू राह्यते, असं तिचं म्हणणं. शेवटी खलनायक बंदूक रोखून तीन पानं भाषण देतो तेव्हा ती पुस्तकाला उद्देशून मोठ्याने म्हणते, "मार न बाबा आता, बोलतं काय?" आणि ज्या कादंबऱ्या अर्ध्यावर थांबून पुढच्या भागाचं आमिष दाखवतात, त्या लिहिणाऱ्यांना तिच्या लेखी माफी नाही. अर्धा किलो सांगून पाव किलो तोललं, तर बाजारात कोणी उभं करील का, असं ती विचारते.

तिला आवडतं ते पुस्तक मात्र एकच. 'उलट्या नदीची पोर.' वर्ध्याच्या ग्रंथप्रदर्शनात तिने ते स्वतःच्या पैशांनी घेतलं, आणि ती काही पुस्तकं विकत घेणारी बाई नव्हे. त्यात तमा नावाच्या मुलीच्या गावची नदी बारा वर्षांतून एकदा उलटी, डोंगराकडे वाहते, आणि जाताना गावातलं एक माणूस घेऊन जाते. त्या वर्षी तमाची आई जाते. पण मरत नाही, आणि तिथेच रंजिताचा जीव या पुस्तकावर जडला. मुलगी जग वाचवायला नाही, आईला घरी आणायला निघते. तिला वाटेत भूक लागते, पायाला काटे लागतात. जादू मिळते ती फुकट मिळत नाही. चारदा वाचून झालं तरी रंजिताचं समाधान होत नव्हतं.

इतर सगळी पुस्तकं तिला गावच्या वाचनालयातून मिळत. ग्रामपंचायतीला लागून एक खोली, चार कपाटं. त्यांतलं एक कपाट नागपूरच्या कुणा इंजिनीअरने दिलेलं. त्याची मुलं मोठी झाली आणि त्यांच्या कादंबऱ्या इथे आल्या. सगळ्या थराराच्या नाही तर जादूच्या. ते कपाट गावात रंजितासाठीच उघडत असे. आणि गेल्या थंडीत वाचनालयाचे अध्यक्ष वासुदेवराव गुरुजी यांनी ते तालुक्याच्या एका शाळेला देऊन टाकायचं ठरवलं.

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, माणूस सरळ. रंजिता तरातरा त्यांच्याकडे गेली.

"गुरुजी, पुस्तकं काऊन पाठवून राह्यले?"

"वाचते कोन, रंजिता? तू एकटी. पोलिस भरतीचे, तलाठी परीक्षेचे पोट्टे जमिनीवर बसून अभ्यास करून राह्यले. त्याइले टेबल लागते. एका बाईसाठी जागा अडवून ठेवू का मी?"

मुलं खरंच जमिनीवर बसत होती. पण शाळेच्या कपाटात गेलेलं पुस्तक कुलपात अडकून पडतं, हेही तिने प्रेरणाच्या वेळी पाहिलं होतं. ते कपाट गेलं म्हणजे आपलं वाचन गेलं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"वाचनारे दाखवले त?" तिने विचारलं.

"दाखव. होळीच्या आधी वार्षिक सभा हाय. दहा-पंधरा वाचनारे समोर उभे कर, कपाट कोनी हलवत नाई. नाई त माहा नाइलाज हाय."

रंजिता पुस्तकं घेऊन दारोदार फिरली. कोणी नाक मुरडलं, कोणी पुस्तक हातात घेऊन फक्त वजन केलं. पिंकी, जिच्या नवऱ्याचं चौकात किराणा दुकान आहे आणि जी स्वतः दिवसभर गल्ल्यावर बसते, तिने चारशे पानं अंगठ्याने फर्रकन उडवली आणि म्हणाली, "वैनी, हे वाचून होईपर्यंत माह्या पोट्ट्याचं लगन होईन." तिचा मुलगा बालवाडीत आहे.

संक्रांत जवळ आली तशी रंजिताला कल्पना सुचली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावातल्या बायका एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात आणि वाण लुटतात. कोणी प्लास्टिकची डबी देते, कोणी चहाची गाळणी, कोणी साबणाचं घर. प्रत्येक घरात गाळण्यांची एक पिशवी भरलेली असते. जाड पुस्तक बघून बायका घाबरतात ना, मग जाड पुस्तकाचं प्रकरण प्रकरण वेगळं करून वाण म्हणून द्यायचं. एकीला पहिलं, दुसरीला दुसरं. वाचायचं, पुढचीला द्यायचं, मागचीचं घ्यायचं. बावीस प्रकरणांची सबंध कादंबरी गावभर फिरेल आणि सभेपर्यंत बावीस वाचणाऱ्या तयार. पुस्तक अर्थातच स्वतःचं. वाचनालयाच्या पुस्तकाला हात लावायची तिची छाती नव्हती, आणि दुसरं पुस्तक तिला त्या लायकीचं वाटत नव्हतं.

हेमराजचा पुतण्या नीरज सेलूला झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान चालवतो. तिने पुस्तक त्याच्या पुढ्यात ठेवलं तेव्हा तो मागे सरला.

"काकू, चांगलं पुस्तक फाडू? पाप लागन न."

"फाडू नको. उसव. ब्लाउज उसवते तसं."

नीरजने पुस्तकाच्या पाठीवरून पातं फिरवलं. त्या आवाजाने रंजिता दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. पण थांब म्हणाली नाही. संध्याकाळी रंगीत कव्हरं लावून, पिना मारून बावीस पुस्तिका तिच्या पिशवीत होत्या.

हळदीकुंकू झकास झालं. पहिलं प्रकरण पिंकीला गेलं, दुसरं तिच्या शेजारच्या कुंदाला. सहावं शेजारच्या पंचफुलामावशीला. पंचफुलामावशी म्हणजे आळीतली मोठी बाई. कुठल्या सणाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे तिच्याकडून विचारून घ्यायचं. तिची मुलगी रीता पुलगावला दिलेली, त्या दिवशी माहेरी आलेली; तिला एकोणिसावं मिळालं. बायकांनी कव्हरं उलटीसुलटी पाहिली, गाळणी नाही म्हणून जरा कुजबुजल्या, पण रंजिताने गोष्टीची सुरुवात अशी रंगवून सांगितली की सगळ्या आपापलं प्रकरण पदराखाली धरून घेऊन गेल्या. रंजिता त्या रात्री फार दिवसांनी घोरत झोपली असं हेमराज सांगतो.

आठवड्याने ती पिंकीच्या दुकानात डोकावली. पिंकीने आपलं प्रकरण दोनदा वाचलं होतं.

"नदी उलटी वाह्यली, तमाची आई गेली. पुढं काय, वैनी?"

"पुढचं कुंदाकडं हाय. तुह्यं तिले दे, तिचं तू घे."

"देऊ कसं? वाण हाय थे."

रंजिता तिथून कुंदाकडे गेली, कुंदाकडून तिसरीकडे. सगळीकडे हेच. कोणी कपाटात ठेवलेलं, कोणी साडीच्या घडीत. पंचफुलामावशीने तर सहावं प्रकरण देवघरात मांडून कव्हरावर हळदीकुंकवाची बोटं उठवली होती. "वाण कोनी दुसऱ्याले देते का, रंजिता? घरची बरकत जाते," ती म्हणाली, आणि वरून विचारलं, "तुले एवढंबी मालूम नाई?"

मालूम होतं. जन्मभर मालूम होतं. रंजिताच्या स्वतःच्या घरात गाळण्यांची पिशवी पडून होती ती याचसाठी. दुसऱ्यांच्या कथानकांतली भोकं दाखवत फिरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या बेतात केवढं मोठं भोक राहिलं होतं. बावीस घरांत बावीस तुकडे, आणि एकही पुढे सरकायचं नाव घेत नव्हता. हेमराज जेवताना म्हणाला, "पुस्तकबी गेलं आन् कपाटबी." तो थट्टेनेच म्हणाला, पण रंजिताला ते झोंबलं. तिने त्याला दुसरी भाकर वाढली नाही.

सकाळी तिने पदर खोचला आणि पंचफुलामावशीच्या अंगणात जाऊन बसली. मावशी तुरीच्या शेंगा सोलत होती.

"मावशी, वाण घराबाहेर जात नाई, कबूल. पन घरात आलेल्या बाईले वाचून दाखवलं त?"

मावशीने शेंगा सोलायचं थांबवलं नाही.

"दाखवाले काय होते?" मावशी म्हणाली. "हलदीकुकवाले आलेली बाई घरातल्या साड्या पाह्यतेच न."

एवढी परवानगी पुरे होती. त्याच दुपारी पिंकीच्या दुकानामागच्या खोलीत, तेलाच्या पिंपांच्या मध्ये, पहिलं प्रकरण वाचलं गेलं. आल्या होत्या सातजणी. दुसऱ्या दिवशी कुंदाकडे दहा. मग ते रोजचंच होऊन बसलं. दुपारची जेवणं उरकली की भाजी तोडायला जायच्या आधीचा तो वेळ, आणि जिचं वाण तिचं घर. जिचं वाण तीच वाचणार, हेही आपोआप ठरलं. कोणी अडखळत वाचलं तरी दुसरीने तोंड घालायचं नाही. पंचफुलामावशीला वाचता येत नाही; तिने देवघरातून आपलं प्रकरण काढलं, दोन्ही हातांत धरलं, आणि रंजिताला मागे बसवून खांद्यावरून वाचायला लावलं. पान उलटणार मात्र मावशी. एखादी गोष्ट तिला विचार करण्यासारखी वाटली की ती पान उलटतच नसे. "थांब. मले समजू दे," म्हणे, आणि सगळ्या थांबत.

त्या बायका तमाकडे शेजारच्या मुलीसारखं बघत होत्या. डोंगराला निघालेल्या पोरीने चप्पल का घातली नाही, यावर एक दुपार गेली. तिने वाटेतल्या एका म्हाताऱ्याकडचं पाणी न विचारता प्यायलं, हे कुंदाला शेवटपर्यंत पटलं नाही. रंजिता इतकी खूश होती की तिचं भाजीकडे लक्ष नव्हतं. पालक जून होऊन गेला. एकच गोष्ट तिने सक्तीने पाळली. पिंकी रोज तिला कोपऱ्यात घेऊन शेवट विचारायची. रंजिताने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "शेवट इचारनारीले चहा नाई."

अठरावं प्रकरण संपलं तेव्हा तमा पुलावर उभी होती. पलीकडे आई. पुलावर एक नाकेवाला, ज्याला तोंडच नाही. तो वाट अडवून खुणेने सांगतो की पलीकडे जायचं असेल तर मला हवं ते दे. आणि पुलाचं फाटक बंद होतं. रंजिताने तेवढंच म्हटलं की हा नाकेवाला पुस्तकातला सगळ्यांत नीच माणूस आहे, आणि मग तिच्या ध्यानात आलं की पुढचं, एकोणिसावं, पुलगावात आहे.

तिथल्या तिथे रीताला फोन लावला. पिंकीने तो स्पीकरवर टाकला. कोणीतरी म्हणालं, फोटो काढून पाठव.

"फोटो नाई पाठवत," रीता म्हणाली. "तुमी साऱ्या एकमेकीकडं जाऊन बसता, चहा पेता, आई मले रोज सांगते. माह्याकडंच काऊन येत नाई? मीबी वाण घेतलं. महिना झाला, एकला धडा घेऊन बसली मी, मांगचं मालूम नाई आन् पुढचं मालूम नाई." मग तिने दिवसच सांगून टाकला. "रविवारी या. बाकीचे दिवस लगनाचे ब्लाउज शिवाचे हायेत मले."

पंचफुलामावशी फोनकडे बघत होती. रविवारी पुलगावला जायचं, हे तिथेच ठरलं.

रविवारी अकरा वाजता वाचनालयाची सभा होती. त्यानंतर होळी, आणि मग हरभऱ्याची सोंगणी. एकदा सगळ्या शेतात उतरल्या की महिनाभर कोणी कोणाच्या घरी जाणार नव्हतं. रंजिता गुरुजींना सभा पुढे ढकलायला सांगून आली. नोटीस निघाली, ते म्हणाले.

मग तिने बायकांना पुन्हा गोळा केलं. "आयका. त्या धड्यात काय हाय थे मी तोंडी सांगतो. दोन मिंटाचं काम हाय. रविवारी साऱ्याजनी सभेले चला, कपाट वाचवू."

पिंकी उठून पुढे आली.

"तोंडी?" पिंकी म्हणाली. "आमाले चहा नाई म्हनत होती, आन् आता सोताच सांगतं?"

"मंग निम्म्या इकडं, निम्म्या तिकडं."

इकडच्या निम्म्यांत राहायला एकही तयार नव्हती. रंजिताला राग आला, खरा राग. ज्या कपाटासाठी तिने आपलं लाडकं पुस्तक उसवलं, त्याचं या बायांना काही सोयरसुतक नव्हतं. "कपाट गेलं त पुढं काय वाचसान?" ती जवळजवळ ओरडली.

"पुढचं पुढं," कुंदा शांतपणे म्हणाली. "आधी ती पोट्टी पूल पार करते का नाई थे त पाहू दे."

पंचफुलामावशीला देवाची शपथ घातली असती तर मावशी थांबली असती, आणि मावशी थांबली असती तर सगळ्या थांबल्या असत्या. हे रंजिताला माहीत होतं. शपथ अगदी ओठावर आली होती. वाचणारे दाखवायचे म्हणून वाचणाऱ्यांनाच वाचण्यापासून अडवायचं, हे तिच्या मनात पुरतं उमटलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. "जा," ती म्हणाली. "सभेचं मी पाह्यतो."

रविवारी सकाळी फाट्यावर जत्राच होती. डब्यांत सांभारवड्या, नवीन साड्या, कोणाच्या कडेवर लेकरू. वर्ध्याची एसटी आली, बायका चढल्या, खिडकीतून पिंकीने हात हलवला आणि गाडी गेली. रंजिता एकटी परत फिरली, तोंड धुतलं, इस्त्रीची साडी नेसली आणि अकराच्या सभेला पावणेअकरालाच जाऊन बसली.

कमिटीचे पाचसहा जण, भिंतीशी अभ्यासाची मुलं. कपाटाचा विषय निघाला तशी गुरुजींनी तिच्या मागे, दाराकडे नजर टाकली.

"एकटीच आली?"

"हो, गुरुजी."

"वाचनारे?"

"पुलगावले गेले."

कमिटीतला एक जण हसला. "लगन हाय का?"

"नाई. आमी वाचून राह्यलो त्या पुस्तकाचा एक धडा तिथं हाय. थो आयकाले गेल्या."

"दोन-तीन त ठेवून घ्यायच्या, रंजिता," गुरुजी म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "समोर उभ्या असत्या त मी या लोकाइले सांगू शकलो असतो. आता काय सांगू?"

रंजिता उठून उभी राहिली. तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

"म्या साऱ्याइले इचारलं. एकबी थांबाले तयार झाली नाई. म्या म्हनलं, धडा मी तोंडी सांगतो. तेबी नाई. कपाट जाईन म्हनलं, तरी नाई. मले राग आलता, गुरुजी. मंग मले समजलं. तुमी म्हनलं वाचनारे दाखव. जे सभेत येऊन बसले असते थे दाखवाले आनलेले असते. वाचनारे वाचाले गेले. मी खाली हातानं आली, हेच माह्यं सांगनं हाय. तुमाले पटत नसन त न्या कपाट. मी त्या शाळेत जाईन, रोज जाईन, मांगून आनीन. पन हे बंद नाई होत आता."

भिंतीशी बसलेल्या मुलांनी वह्यांतून माना वर काढल्या होत्या.

"असं काय हाय वं त्या धड्यात?" गुरुजींनी विचारलं.

"मले मालूम हाय. पन सांगनार नाई. पाह्यजे असन त पुलगावले जा."

मुलं हसली, मग गुरुजीही हसले, आणि ज्याने लग्नाचं विचारलं होतं तोच उठून कपाटाला हात लावून पाहू लागला. दाराच्या मागे सरकवलं तर टेबल बसतं, तो म्हणाला. दोघांतिघांनी मापं घेतली. बसत होतं. गुरुजींनी सांगितलं की कपाट राहील, आणि दुपारच्या वेळी तासभर मुलं बाहेर ओट्यावर बसतील, खोली बायांची. रंजिता हो म्हणाली, थँक्यू म्हणाली, आणि बाहेर येऊन ग्रामपंचायतीच्या नळावर घटाघटा पाणी प्यायली.

ऊन उतरल्यावर ती फाट्यावर जाऊन उभी राहिली. कधी सांगते असं झालं होतं. गाडी थांबली, बायका उतरल्या, पण त्या भांडत उतरल्या. पिंकीचा आवाज सगळ्यांत वर. कुंदाने तर उतरता उतरता पायरीवरच थांबून मागे वळून काहीतरी सुनावलं, आणि कंडक्टर बेल मारत राहिला. कपाटाचं कोणी विचारलं नाही. पंचफुलामावशी सरळ रंजितासमोर आली.

"तू त्या नाकेवाल्याले नीच म्हनत होती न?"

"हायच थो. त्यानं पोरीजवळून काय घेतलं, आयकलं न? तिच्या आईचा आवाज. आता आई भेटली तरी पोरीले तिची हाक आयकू येनार नाई."

"आयकलं. म्या रीताले दोनदा वाचाले लावलं." मावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्याले तोंड नाई, रंजिता. जलमात त्याले कोनी हाक मारली नसन. पैसे नाई मांगतले त्यानं, जीव नाई मांगतला. एका आईचा आवाज मांगतला. तुह्यं चुकते."

"पन लेकराजवळून, मावशी?"

"मंग कोनाजवळून मांगन? त्या पुलावर दुसरं कोन येते?"

चारदा वाचलं होतं रंजिताने ते प्रकरण. चारही वेळा त्या नाकेवाल्याला शिव्या घातल्या होत्या. बाकीच्या दोघींभोवती जमा झाल्या. पिंकी मावशीच्या बाजूने, कुंदा विरुद्ध, आणि सगळा घोळका बोलत बोलत गावाच्या वाटेला लागला. कपाट राहिलं, हे रंजिताने घर येईपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. तिला मावशीचं म्हणणं खोडून काढायचं होतं, आणि ते काही केल्या खोडता येत नव्हतं.